पोट उघडावे लागले म्हणजे डॉक्टर चुकला का?

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळची ओपीडी आटोपत आली होती. जवळच्या खेड्यातला एक तरुण आत आला आणि खुर्चीत न बसताच त्याने हातातली फाइल माझ्या टेबलावर आपटली. "डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगितलं म्हणून आईला शहरात नेलं. दुर्बिणीचं ऑपरेशन, चार भोकं, तिसऱ्या दिवशी घरी, असं बोलले होते. आणि केलं काय, तर पोट फाडलं! आठ दिवस दवाखान्यात पडून होती. उरलेलं बिल मी भरणार नाही. पेपरात देतो."

पेपरात द्यायचे काम आता मीच करतो आहे. फक्त त्याला जे छापून यायला हवे होते, ते हे नाही.

या घराला मी वीस वर्षे औषध देतो. आई साठीच्या घरातल्या. पित्ताशयात खडे असल्याचे दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत दिसले होते. उजव्या बरगडीखाली कळ, उलट्या, ताप असे तीन ॲटॅक येऊन गेले. प्रत्येक वेळी मी ऑपरेशनचे सांगे आणि प्रत्येक वेळी काहीतरी आडवे येई. आधी मुलीचे लग्न, मग सोयाबीनची काढणी, मग कुणीतरी खडे विरघळवणारा काढा दिला. चौथ्या ॲटॅकनंतर मात्र मावशी स्वतःच म्हणाल्या, "आता काय ते करून टाका."

मी फाइल उघडून ऑपरेशनची नोंद वाचली. सर्जनने अर्धे पान भरून लिहिले होते. पित्ताशयाच्या मानेशी सगळे चिकटलेले आहे. यकृताला जाणारी उजवी रक्तवाहिनी नेहमीच्या जागी नाही, ती वळसा घेऊन थेट पित्ताशयाच्या मानेला टेकली आहे. कोणती नळी कोठे जाते याची खात्री पटत नाही, म्हणून पोट उघडून शस्त्रक्रिया पूर्ण केली. रक्त द्यावे लागले नाही. पित्तनलिका सुरक्षित आहे.

मी मुलाला म्हटले, "बस आधी. ज्यानं तुझ्या आईचं मोठं नुकसान टाळलं, त्याच्यावर तू चिडला आहेस." तो बसला, पण त्याला पटले नव्हते. मग प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर चित्र काढून दाखवले. तेच चित्र आज शब्दांत मांडतो, कारण ही तक्रार त्या एका मुलाची नाही. 'दुर्बिणीचे सांगितले आणि पोट उघडले' हे वाक्य वर्षातून चार-सहा वेळा तरी माझ्या दवाखान्यात ऐकू येते.

पाटाचे पाणी आणि विहिरीचे पाणी

यकृत, म्हणजे लिव्हर, उजव्या बरगड्यांच्या आड असते. वजन साधारण दीड किलो. त्यातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते. हृदय जेवढे रक्त बाहेर फेकते, त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या यकृताकडे जातो.

बहुतेक अवयवांना रक्त पोचवण्याचे काम शुद्ध रक्तवाहिन्या करतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना रोहिणी किंवा धमनी म्हटलेले असते. यकृताचे मात्र वेगळे आहे. त्याला दोन वाटांनी रक्त येते. आपल्याकडच्या बागायतदाराला हे लगेच समजेल. एखाद्या शेताला पाटाचेही पाणी असते आणि विहिरीचेही.

पाट म्हणजे आतड्यांकडून येणारी मोठी नीला. आम्ही तिला पोर्टल व्हेन म्हणतो. जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांतून फिरून आलेले रक्त ती यकृतात आणते. पचलेल्या अन्नाचा माल त्यात विरघळलेला असतो. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या वाटेने येते. पण ते आधीच एकदा वापरून झालेले असल्याने त्यातला प्राणवायू कमी झालेला असतो.

विहीर म्हणजे यकृताची रोहिणी. ती जेमतेम एक चतुर्थांश रक्त आणते, पण ते थेट हृदयाकडून आलेले ताजे रक्त. त्यामुळे यकृताला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ निम्मा वाटा ही एकटी उचलते.

या व्यवस्थेतली एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती कामाला येणार आहे. यकृताला पाट आणि विहीर दोन्ही आहेत; पण यकृतातून पित्त खाली आतड्यात नेणारी जी पित्तनलिका आहे, ती मुख्यतः विहिरीच्याच पाण्यावर जगते. रोहिणीच्या बारीक फांद्या तिच्या दोन्ही अंगांनी चढतात आणि उतरतात. त्या तुटल्या तर यकृत कदाचित निभावून नेईल, नलिका नेईलच असे नाही.

यकृतातल्या कर्करोगाच्या गाठीही बहुतांशी रोहिणीच्याच रक्तावर पोसतात. म्हणून काही रुग्णांत मांडीच्या सांध्याजवळून एक बारीक नळी घालून ती थेट या रोहिणीच्या फांदीत नेतात, तेथे औषध सोडतात आणि गाठीचे रक्त तोडतात. बाकीचे यकृत तोवर पाटाच्या पाण्यावर तग धरते. एवढे या रोहिणीचे महत्त्व आहे.

पुस्तकातली वाट

हृदयातून निघालेली महारोहिणी मणक्याच्या पुढून खाली उतरते. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा ओलांडला की तिच्या पुढच्या अंगातून एक-दोन सेंटिमीटरचे आखूड खोड फुटते. त्याला तीन फांद्या येतात. एक जठराकडे, एक प्लीहेकडे आणि एक यकृताकडे. अठराव्या शतकातल्या हालर या स्विस शास्त्रज्ञाच्या नावाने ही तिवई आजही ओळखली जाते.

यकृताकडची फांदी उजवीकडे वळते. जठर, स्वादुपिंड आणि लहान आतड्याचा आरंभ यांना वाटेत रक्त देते आणि वर चढू लागते. तिच्या उजव्या हाताला पित्तनलिका आणि दोघींच्या मागे पोर्टल व्हेन, अशा तिघी एकाच पदराआडून यकृताच्या दारापर्यंत जातात. दाराशी रोहिणीच्या दोन शाखा होतात, डावी आणि उजवी. उजवी शाखा बहुधा पित्तनलिकेच्या मागून जाते आणि जाता जाता पित्ताशयाला एक बारीक फांदी देते. पित्ताशय काढताना सर्जनला तोडायच्या असतात त्या दोनच गोष्टी. एक ही बारीक फांदी आणि दुसरी पित्ताशयाची स्वतःची छोटी नळी.

हे झाले पुस्तकातले. परीक्षेत आकृती काढली की पूर्ण गुण मिळतात.

पोटातली वाट

मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असताना आमच्या टेबलावर पोटाचे विच्छेदन चालू होते. पुस्तक शेजारी उघडे ठेवून आम्ही आठ जण उजवी रोहिणी शोधत होतो. पुस्तकात होती तिथे ती नव्हती. आम्हाला वाटले, आपल्याच चिमट्याने ती तुटली. आता बोलणी खावी लागणार म्हणून सगळे गप्प. सर आले, त्यांनी पोर्टल व्हेनच्या मागे बोट घातले आणि तिथून वर येणारी रोहिणी उचलून दाखवली. ती तिवईतून आलीच नव्हती. आतड्यांना रक्त देणाऱ्या खालच्या मोठ्या रोहिणीतून फुटून, मागच्या वाटेने ती यकृतात पोचली होती. सर म्हणाले, "तुम्ही काही तोडलेलं नाही. या माणसाची अशीच आहे. बाकीच्या टेबलांवरच्या मुलांनाही बोलवा."

असे होते कशामुळे? आईच्या पोटात असताना गर्भाच्या यकृताला तीन रोहिण्या असतात. एक मधल्या तिवईतून, एक डावीकडे जठराच्या रोहिणीतून आणि एक उजवीकडे आतड्याच्या रोहिणीतून. पुढे सर्वसाधारणपणे मधली राहते आणि बाजूच्या दोन्ही विरून जातात. काहींच्या बाबतीत बाजूची एखादी राहून जाते. हा आजार नाही की व्यंग नाही. त्या माणसाला त्याचा काही त्रास होत नाही आणि जन्मभर पत्ताही लागत नाही.

असे किती जण असतात? अमेरिकेतल्या मिशेल्स नावाच्या शरीररचनातज्ज्ञाने २०० मृतदेहांचे बारकाईने विच्छेदन करून १९६६ साली यकृताच्या रोहिणीचे दहा प्रकार मांडले. पुस्तकातल्यासारखी रचना त्याला १०० पैकी ५५ जणांतच सापडली. पुढे १९९४ साली हायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृतरोपणासाठी अवयव काढताना पाहिलेल्या १००० यकृतांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत ७५७ यकृते पुस्तकाप्रमाणे होती. एकाने विच्छेदनाच्या टेबलावर पाहिले, दुसऱ्यांनी ऑपरेशनच्या टेबलावर. त्यामुळे आकडे जुळत नाहीत. पण कमीत कमी धरले तरी चार जणांत एक जण पुस्तकाबाहेरचा निघतो. आपल्या एसटीच्या एका गाडीत पन्नास माणसे बसली, तर त्यांतल्या दहा-बारा जणांच्या पोटातला नकाशा छापील नकाशाशी जुळणार नाही, एवढी ही साधी गोष्ट आहे.

हे ज्ञान आभाळातून पडलेले नाही. कुणीतरी आपला देह विच्छेदनासाठी दिला, म्हणून आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना ते बोटांनी कळले. देहदानाचा अर्ज भरणाऱ्या माणसाला घरचे लोक 'कशाला ती विटंबना' म्हणून अडवतात. त्यांना मी आमच्या टेबलावरची ही गोष्ट सांगत असतो.

बोटभर जागा

आता मुख्य मुद्दा. पित्ताशयाची मान, पित्तनलिका आणि यकृताची कड यांच्या मध्ये एक छोटा त्रिकोण असतो. काल्हो या फ्रेंच सर्जनच्या नावाने तो ओळखला जातो. जागा बोटाच्या पेरापेक्षा फारशी मोठी नाही. पित्ताशयाची बारीक रोहिणी बहुधा या त्रिकोणात सापडते. पण यकृताची मोठी उजवी रोहिणीही याच त्रिकोणात शिरू शकते. कधी ती मागच्या वाटेने आलेली असते, आमच्या टेबलावरच्यासारखी. कधी ती पुढच्याच वाटेने येते, पण सुरवंटाने पाठ उचलावी तसा बाक घेऊन पित्ताशयाच्या मानेला टेकते. अशा वेळी पित्ताशयाची फांदी अगदी आखूड असते आणि समोर दिसते ती यकृताचीच रोहिणी. मावशींच्या पोटात हेच होते.

त्यात आणखी भर. पित्ताशयाला वारंवार सूज आली की त्रिकोणातली चरबी कडक होते. नळ्या आणि रोहिण्या एकमेकींना चिकटतात. निरोगी पोटात पदर उलगडावा तसे जे सुटे होते, ते चार ॲटॅकनंतर ओल्या मातीत रुतलेल्या मुळांसारखे झालेले असते. म्हणजे मावशींच्या सर्जनपुढे दोन अडचणी होत्या. रोहिणीची जागा निसर्गाने बदलली होती आणि चिकटलेपण आपल्या टाळाटाळीने आले होते.

अशा ठिकाणी अंदाजाने चिमटा लावला तर काय होते? मोठी रोहिणी फाटली तर पडदा क्षणात लाल होतो. त्या रक्तात घाईघाईने लावलेला चिमटा पित्तनलिकेवर बसू शकतो. रोहिणीच बांधली गेली तर यकृत पुष्कळदा पाटाच्या पाण्यावर आणि डाव्या शाखेकडून मिळणाऱ्या मदतीवर निभावते; पण त्याच वेळी पित्तनलिकेलाही इजा झाली असेल तर तिचे भरून येणे अवघड होते. नलिका आतून आवळत जाते. काही महिन्यांनी माणूस पिवळा पडून येतो, थंडी वाजून ताप येतो. पुढे मोठ्या शहरात मोठी शस्त्रक्रिया, आणि तरीही आयुष्यभराची टांगती तलवार. खड्यासाठी गेलेला माणूस यकृताचा रोगी होऊन परततो. असे रुग्ण मी पाहिले आहेत. संख्येने थोडे, पण विसरता न येणारे.

नकाशा नसला तरी नियम आहे

त्या मुलाने मला विचारले, "मग आधीच सीटी स्कॅन करून बघायचं ना!" प्रश्न शहाणपणाचा होता. यकृताचा तुकडा दान करणाऱ्या माणसाचा रोहिणींचा नकाशा आधी स्कॅनमध्ये काढतात, कारण तेथे रोहिणी कापून दुसऱ्याच्या पोटात जोडायची असते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधीही रोहिण्या पाहून घेतात. पण साध्या पित्ताच्या खड्यासाठी प्रत्येकाला असा स्कॅन करण्याची गरज नसते. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या बहुतेकांना पुरतात. रोहिणीचा फाटा साध्या सोनोग्राफीत सहसा कळत नाही, तरीही.

याचे कारण असे की सर्जनकडे नकाशा नसला तरी नियम असतो. आपल्या गावात रस्ता खोदताना जेसीबीने पाण्याची लाइन फोडली की दोन दिवस नळ बंद. नगरपालिकेच्या नकाशात लाइन डावीकडे आणि जमिनीत उजवीकडे! जुना फिटर मात्र नकाशावर विसंबत नाही. तो हाताने माती काढतो, पाइप कोठून आला आणि कोठे गेला हे दोन्हीकडून उघडे करतो आणि मगच करवत लावतो.

स्ट्रासबर्ग या अमेरिकन सर्जनने १९९५ साली नेमका हाच नियम शब्दांत बांधला. काहीही कापण्यापूर्वी त्रिकोणातली चरबी आणि पडदे पूर्ण साफ झालेले हवेत. पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा झालेला हवा. आणि पित्ताशयात दोनच गोष्टी जाताना डोळ्यांना स्पष्ट दिसायला हव्यात. या तिन्ही गोष्टी जमल्या तर कापा. जमल्या नाहीत तर कापू नका. रोहिणी कोणत्याही वाटेने आलेली असो, हा नियम पाळला की ती वाचते.

आणि नियम जमत नसेल तर? तर थांबायचे. ज्येष्ठ सहकाऱ्याला बोलवायचे. मानेकडचा धोक्याचा भाग तसाच ठेवून पित्ताशयाचा उरलेला भाग काढायचा. किंवा पोट उघडायचे. उघड्या पोटात हात घालता येतो, बोटांना रोहिणीची धडधड लागते, रक्त आले तर दाबून धरता येते. तेथेही सगळे आपोआप सोपे होते असे नाही, पण हाती जास्त साधने येतात.

घाटातल्या रस्त्यावर 'अति घाई संकटात नेई' अशी पाटी आपण रोज वाचतो. धुके आले म्हणून गाडी बाजूला घेणाऱ्या ड्रायव्हरला आपण नालायक म्हणत नाही. मग समोरचे दिसेना म्हणून मार्ग बदलणाऱ्या सर्जनला अपयशी का म्हणावे? माझे मत स्पष्ट आहे. दुर्बिणीकडून उघड्या शस्त्रक्रियेकडे वेळेवर वळणे हे अपयश नव्हे, ती सावधगिरी आहे. जो सर्जन 'मला आजवर एकदाही पोट उघडावे लागले नाही' असे छातीठोकपणे सांगतो, त्याच्याकडे रुग्ण पाठवताना मी दोनदा विचार करतो.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया वाईट आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. १८८२ साली बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पित्ताशय काढले, तेव्हापासून शंभर वर्षे ते पोट उघडूनच काढले जात होते. १९८५ साली जर्मनीत म्युहे यांनी ते दुर्बिणीतून काढले. भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी ही पद्धत आणली. आज बहुतेक रुग्णांसाठी तीच उत्तम आहे. दुखणे कमी, जखम छोटी, शेतकरी आणि मजूर लवकर कामावर. म्हणून सुरुवात दुर्बिणीनेच व्हावी. शेवटही तिनेच व्हावा, असा हट्ट मात्र नको.

चूक आमचीही

एवढे सांगून झाल्यावर तो मुलगा म्हणाला, "हे सगळं आधी का नाही सांगितलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्याच्या आईला मीच म्हणालो होतो, "किरकोळ ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी याल." घाबरलेल्या बाईला धीर द्यावा म्हणून म्हणालो. तिथल्या कर्मचाऱ्यांनी चार भोकांचा आणि ठरलेल्या पॅकेजचा हिशेब सांगितला. संमतिपत्रावर 'गरज पडल्यास पोट उघडावे लागेल' अशी ओळ होती. पण ती बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत. सही घेताना कुणी ती वाचून दाखवली नाही. मुलाच्या लेखी करार मोडला होता. त्याचा संताप चुकीच्या माणसावर होता, पण तो खोटा नव्हता.

तेव्हा माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणे आहे. 'किरकोळ' हा शब्द आपण सोडून देऊ. ऑपरेशनच्या आधी पाच मिनिटे बसून, मराठीत, कागदावर रेघा ओढून सांगितले तर ऑपरेशननंतरचे पाच तास वाचतात. पोट उघडावे लागलेच तर ऑपरेशन थिएटरच्या दारात येऊन नातेवाइकांना त्याच वेळी कारण सांगावे. तिसऱ्या दिवशी बिलाबरोबर ते कळू नये.

प्रत्येक वेळी डॉक्टर बरोबरच असतो असेही मी म्हणत नाही. इजा झाली आणि ती लपवली गेली, किंवा नोंदच ठेवली नाही, असे घडले तर जाब विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. पण जाब विचारायचा तर कागद पाहून. २००२ च्या वैद्यकीय व्यवसायाच्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात. ऑपरेशनची नोंद मागा, घरच्या डॉक्टरला वाचायला द्या. काच फोडून काहीच कळत नाही.

जाण्यापूर्वी काय विचाराल?

पित्ताशयाच्या ऑपरेशनला जाताना सर्जनला चार प्रश्न जरूर विचारा. मला ऑपरेशनची खरोखर गरज आहे का? (खडे आहेत पण काहीच त्रास नाही, अशा बहुतेकांना नुसते लक्ष ठेवून चालते.) दुर्बिणीतून जमले नाही तर तुम्ही काय कराल? पोट उघडण्याची सोय आणि अनुभव येथे आहे का? आणि तसे झाले तर दिवस आणि खर्च किती वाढेल? जो डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, तो चांगला डॉक्टर समजा.

आणि स्वतःलाही एक प्रश्न विचारा. ॲटॅक येऊन गेल्यावर मी किती दिवस टाळतो आहे? पित्ताशयातले कॅल्शियमयुक्त कठीण खडे काढ्याने विरघळत नाहीत. प्रत्येक ॲटॅकबरोबर तो बोटभर त्रिकोण अधिक चिकटत जातो आणि पोट उघडावे लागण्याची शक्यता वाढते. उजव्या बरगडीखालच्या कळेबरोबर डोळे पिवळे झाले किंवा हुडहुडी भरून ताप आला, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी शहरात जाऊन सर्जनला भेटला, असे नंतर कळले. बिलाचे काय ठरले ते मी विचारले नाही. मावशी गेल्या आठवड्यात टाक्यांची जागा दाखवायला आल्या होत्या. जखम छान भरली आहे, जेवण जाते आहे, कळ नाही. निघताना दाराशी थांबून म्हणाल्या, "डॉक्टर, माझी शीर म्हणे वाकडी होती?"

मी म्हणालो, "वाकडी नाही मावशी. तुमची तशीच आहे. ती सांभाळूनच ऑपरेशन केलंय."